विरंगुळा केंद्रातल्या मिश्र गटासाठी हस्तकला: पोरकट न वाटणारं काय घ्यावं?

ऐरोली_सेक्टर
ऐरोलीत दर बुधवारी साडेदहा ते बारा असा गट ऑक्टोबरपासून सुरू करायचाय. बारा जण आहेत. पाच जणांना स्मृतिभ्रंश, चार बौद्धिक दिव्यांग प्रौढ, आणि अर्धांगवायूनंतर एकच हात नीट चालणारे तिघे. मदतीला चार स्वयंसेवक, सहा घडीची टेबलं, एक बेसिन. छापील चित्रं रंगवायला दिली की सत्तरीतल्या माणसाला बालवाडीत बसवल्यासारखं होतं, ते अजिबात नको. जानेवारीत केंद्राच्या भिंतीवर लावता येईल असं सगळ्यांचं मिळून काही व्हावं. प्रमाणं आणि फसण्याच्या जागा सांगाल का?

गेरू_आणि_काडी
वारलीचा पडदा करा. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, रेघ एवढ्यावरच ती चित्रकला उभी आहे, त्यामुळे सोपं करताना ती बिघडत नाही. शिवाय आपल्याच जिल्ह्यांतली. विषय ठाणे खाडी: होड्या, तिवरं, आणि नोव्हेंबरपासून उतरणारे रोहित पक्षी.

3 मीटर मांजरपाट आधी धुऊन इस्त्री करा, नाहीतर पहिल्या हातानंतरच तो आटून वेडावाकडा होतो. गेरूची पूड 250 ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, फेविकॉल 100 ग्रॅम. गेरू रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. स्पंजाने दोन पातळ हात द्या. वाळल्यावर बोटाला लाल लागलं तर फेविकॉल कमी पडलंय. घडीवर तडे गेले तर जास्त झालंय. काही झालं तरी पडदा गुंडाळून ठेवा, घडी नकोच.

पांढऱ्यासाठी मूळची तांदळाची पिठी छान, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी येते. ॲक्रिलिक पांढरा वापरा. साचे जुन्या एक्स-रे फिल्मचे कापा. स्पंज रंगात बुडवला की आधी वर्तमानपत्रावर दोनदा टिपा, मगच साच्यावर. ओला स्पंज दाबला तर रंग साच्याखाली पसरतो आणि त्रिकोणाचा डाग होतो.

कामं वाटून द्या: कुणी गेरू, कुणी साचा, कुणी इअरबडने ठिपक्यांचं गवत, आणि ज्यांचा हात मोकळा आहे त्यांना साच्याशिवाय पक्षी. प्रत्येकाचं काम पडद्यावर दिसलं पाहिजे. स्वयंसेवकांनी नंतर रेघा 'नीट' करू नयेत. माझ्या मते हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

हात_आणि_पकड
ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीच्या उपचारांच्या, बाजूने थोडं.

एका हाताने काम करणाऱ्याला कापड सरकतं हीच मोठी अडचण असते. चारही बाजूंनी मास्किंग टेप, वाटीखाली ओला नॅपकिन. कमजोर हात मांडीत लोंबू देऊ नका, टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा. ब्रश जाड करायला एसीच्या पाइपावरचं काळं फोम 10 सेंटिमीटर कापून दांड्यावर चढवा. व्हीलचेअरसाठी टेबलाखाली किमान 70 सेंटिमीटर मोकळी उंची हवी, मधली आडवी पट्टी असलेलं टेबल चालत नाही.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्यांपैकी काहींचं डावीकडे लक्षच जात नाही, नजर चांगली असूनही. अर्धा पडदा रिकामा राहिला तर तो आळस समजू नये. डाव्या कडेला उभी लाल टेप लावा आणि 'आधी लाल पट्टी शोधा' असं सांगून सुरुवात करा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना एका वेळी एकच सूचना. बोलण्यापेक्षा करून दाखवा. अर्धी रांग आधी काढून ठेवली की हात आपोआप पुढे चालतो. 'आठवतं का?' विचारू नका. सकाळची वेळ योग्य निवडलीत, दिवस कलला की अनेकांचा गोंधळ वाढतो.

सगळ्यांत महत्त्वाचं: रंगाचं पाणी पेल्यात किंवा कपात कधीही ठेवू नका, ते पिऊन टाकलं जाऊ शकतं. पसरट, बसकी थाळी घ्या. मणी, टिकल्या, बिया यांच्या बाबतीतही तीच काळजी.

मेथीचा_लगदा
पडदा वाळेपर्यंत दुसऱ्या टेबलावर कागदाच्या टोपल्या घ्या. आज्यांना सूचना द्याव्या लागणार नाहीत, अनेकींच्या हाताला ते काम माहीत असतं. अर्धा किलो वर्तमानपत्र फाडून दोन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. 50 ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून वाटा, घट्ट पिळलेल्या लगद्यात मळा. मेथीने चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. पालथ्या स्टीलच्या पातेल्यावर प्लॅस्टिक घालून अर्धा सेंटिमीटर थर थापा. लगदा सुकताना आवळतो, म्हणून अर्धवट वाळल्यावरच पातेल्यावरून काढा. पूर्ण सुकू दिलात तर तो धातूला धरून बसतो किंवा चिरतो. पावसाळ्यात मात्र हा नाद सोडा.

ऐरोली_सेक्टर
खूप आभार. पाण्याच्या पेल्याचं डोक्यातच आलं नव्हतं. नवरात्रात भोंडला ठेवला तर चालेल का? तिघांना उभं राहता येत नाही.

हात_आणि_पकड
सगळ्यांनीच खुर्च्यांवर गोल करून बसा, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. हत्तीचं चित्र मधल्या टेबलावर, फेराऐवजी ठेक्यावर पायाचा ताल किंवा ओढणी एकाच्या हातातून शेजारच्याच्या हातात. खिरापत ओळखताना सांभाळा: झटक्यानंतर गिळायला त्रास असलेल्यांना शेंगदाणे, चुरमुरे, पोहे नकोत. घरच्यांना आणि त्यांच्या थेरपिस्टना आधी विचारा, मधुमेह किती जणांना आहे तेही. ओळखायचा खेळ वासावर घेतला, डब्यात वेलची, सुंठ, जायफळ, तर सगळ्यांना बरोबरीने खेळता येतो.

गेरू_आणि_काडी
आणि पडद्याच्या वरच्या कडेला गेरू देण्याआधीच 5 सेंटिमीटरचा नेफा शिवून घ्या, नंतर कडक कापडात सुई जात नाही. त्यात बांबू घालून टांगा.