लिनक्सवर आल्यावर रोजचं सॉफ्टवेअर: 'याला पर्याय काय?' हा प्रश्नच चुकतोय

टिपणवही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीतली बरीच माणसं, चालता संगणक टाकून देण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालून बघताहेत. मला याचा आनंदच आहे. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: वर्डला पर्याय काय, फोटोशॉपला पर्याय काय? मग कोणीतरी दोन रकान्यांची यादी पाठवतं. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. माझं स्पष्ट मत आहे की या याद्यांमुळेच माणसं महिन्याभरात परत फिरतात.

यादी नावाला नाव जुळवते, कामाला काम नाही. फोटोशॉपसमोर जिंप लिहिलेलं असतं. विचारणाऱ्याला मात्र फोटोची कड कापून आकार लहान करायचा असतो. त्याला ग्वेनव्ह्यू हा साधा फोटो बघायचा प्रोग्राम पुरला असता, पण तो जिंप उघडतो, लेयर आणि मास्क बघून गांगरतो आणि लिनक्स अवघड आहे असं ठरवून मोकळा होतो.

मी उलटीकडून सुरुवात केली होती. जुन्या सिस्टीमवर असतानाच एक दुपार बसून, वर्षभरात खरोखर उघडलेल्या फाइली प्रकारानुसार लावल्या. डॉकएक्स (वर्डच्या), एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या), पीडीएफ, फोटो, थोडं ध्वनिमुद्रण. अडणारी एकच निघाली: मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये केलेली पुस्तकांची जुनी यादी. ती तिथेच सीएसव्ही, म्हणजे कुठेही उघडणारी साधी मजकुराची फाइल, करून घेतली. नवीन सिस्टीमवर आले तेव्हा निवडायला फारसं काही उरलंच नव्हतं. लिखाण-हिशेबाला लिबरऑफिस, ब्राउझर फायरफॉक्स, मेलला थंडरबर्ड, पीडीएफला ऑक्युलर, व्हिडिओला व्हीएलसी, ध्वनिमुद्रणाला ऑडॅसिटी. बस.

आणखी एक. लिबरऑफिसमध्ये टॅबवाली पट्टी लावून ते वर्डसारखं दिसेल असं करता येतं. नवख्याने ते करू नये असं मी म्हणेन. दिसायला सारखं झालं की वागायलाही सारखं असेल अशी अपेक्षा होते, आणि मग प्रत्येक लहान फरक टोचतो.

कळफलक

साफ असहमत. तुमच्या फाइली तुमच्याजवळच राहतात, म्हणून तुम्हाला हे सुचतं. माझा एक अहवाल चार जणांकडे जातो. चौघं त्यात ट्रॅक चेंजेस लावतात, कॉमेंट टाकतात आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्याकडे परत येतो. मी लिनक्सवर एकटी. पहिल्याच आठवड्यात मी पाठवलेल्या अहवालातला तक्ता समोरच्याकडे दोन पानांत फाटला, सहीची ओळ एकटीच तिसऱ्या पानावर गेली. मला फोन आला, 'घाईत केलंस का?'

अशा वेळी 'काम बघा, नाव बघू नका' हे ऐकायला छान आहे, पण माझं कामच मुळी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्याचं आहे. मी ओन्लीऑफिस घेतलं, कारण त्याचा मूळ फॉरमॅटच डॉकएक्स-एक्सएलएसएक्स आहे आणि पट्टी ओळखीची आहे. दिसणं सारखं असणं हा दोष नाही. वीस वर्षं हाताला लागलेलं वळण एका रात्रीत सोडा असं सांगणाऱ्याने, त्या रात्रीनंतरच्या सकाळी कामावर कोण जाणार आहे तेही सांगावं.

आणि एक्सेलचं काय? एक्सेलचे व्हीबीए मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये काही प्रमाणात चालतात, पण पॉवर क्वेरी (बाहेरून माहिती ओढून ती लावून देणारी सोय) नाही. ओन्लीऑफिसचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये लिहावे लागतात. ज्याची पोटापाण्याची शीटच पॉवर क्वेरीवर उभी आहे, त्याने फाइलींची वर्गवारी करून काय करावं?

टिपणवही

@कळफलक, तक्ता फाटला तो बहुधा फॉन्टमुळे. अहवाल कॅलिब्रीत असणार. तो फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सबरोबर येत नाही. मग त्याच्या जागी दुसरा बसतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात. तुम्ही तुमच्या पडद्यावर पाहून सगळं नीट बसवता आणि समोरच्याकडे खरा कॅलिब्री आला की ते विस्कटतं. कार्लिटो बसवा. त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे, त्यामुळे ओळ तिथेच तुटते. कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया. एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन फॉन्ट बहुतेक ठिकाणी आधीपासूनच असतात.

पॉवर क्वेरीचं म्हणणं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सावली

फॉन्टचा विषय निघालाच आहे तर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

लिबरऑफिस इंग्रजी आणि देवनागरीसाठी फॉन्टची वेगवेगळी नोंद ठेवतं. परिच्छेदाची शैली उघडून फॉन्टच्या टॅबवर गेलात की दोन भाग दिसतील, एक पाश्चात्त्य लिपीचा आणि दुसरा 'सीटीएल' म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचा. मराठी या दुसऱ्यात. मी वरच्या भागात आकार १४ केला, ठीक आहे म्हटलं, आणि मराठी मजकूर ढिम्म हलला नाही. त्यातला इंग्रजी शब्द मात्र टपोरा झाला. मला वाटलं प्रोग्राम बिघडलाय. तो बरोबर वागत होता, मी चुकीच्या खान्यात लिहीत होते. सीटीएलचा भाग दिसतच नसेल तर पर्यायांमधल्या भाषेच्या पानावर जाऊन तो चालू करावा लागतो.

दुसरं म्हणजे मंगल. तोही मायक्रोसॉफ्टचा, म्हणून लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो आणि ओळींमधलं अंतर बदलतं. कार्लिटोसारखा मापाला माप जुळणारा मंगलचा जोडीदार मला मिळालेला नाही. मी नव्या फाइली नोटो सॅन्स देवनागरीत करते आणि फाइलच्या गुणधर्मांमध्ये जाऊन फॉन्ट आतच भरून पाठवते. फाइल जड होते, पण पानं हलत नाहीत.

टंकलेखनासाठी आयबस आणि एम१७एन पुरेसं आहे. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर लिहिणाऱ्यांना तर काहीच बदलावं लागत नाही.

रंगरेषा

मी छपाईची कामं करतो, त्यामुळे माझा विरोध दोघांनाही आहे. 'लिनक्सवर सगळं होतं' हे सांगणं थांबवा. अडोबीचे प्रोग्राम लिनक्ससाठी येत नाहीत. जिंप ३.० मार्च २०२५ मध्ये आलं. मूळ चित्राला धक्का न लावता इफेक्ट लावायची सोय त्यात मिळाली, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबले होते. पण थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, चित्र संपादन अजून त्यात होत नाही. क्रिटात होतं, मात्र क्रिटाचा जीव चित्र रंगवण्यात आहे, फोटो दुरुस्त करण्यात नाही. रेषाचित्रांच्या इंकस्केपवर माझं मनापासून प्रेम आहे, पण ग्राहक जेव्हा स्वतःची अडोबी इलस्ट्रेटरची एआय फाइल पाठवून 'यातच बदल करून द्या' म्हणतो तेव्हा ते प्रेम उपयोगी पडत नाही.

मी दोन सिस्टीम ठेवल्या. पानांची जुळवाजुळव, मेल, हिशेब, लिखाण लिनक्सवर. ग्राहकाच्या मूळ फाइली विंडोजवर. कोणी याला अर्धवटपणा म्हणेल. मला ही सरळ व्यवस्था वाटते. एका प्रोग्रामपायी बाकी सगळ्यावर पाणी सोडायचं, किंवा बाकी सगळ्यापायी तो एक प्रोग्राम नाकारायचा, दोन्हींत नुकसान माझंच.

उत्तररात्र

निवडीपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो कोणीच बोलत नाहीये. फ्रान्सच्या जॉंदार्मरी या पोलीस दलाने २००५ मध्ये आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, ओपनऑफिसवर गेले. मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. उबुंटू या लिनक्सकडे वळायला २००८ उजाडलं. खालची सिस्टीम बदलली तेव्हा लोकांच्या समोरचे प्रोग्राम तेच होते.

घरी हेच करता येतं. लिबरऑफिस, थंडरबर्ड, व्हीएलसी, इंकस्केप, पासवर्ड सांभाळणारं कीपासएक्ससी हे सगळं विंडोजवरही चालतं. तीन महिने तिथेच वापरा. जे जमणार नाही ते तिथेच कळेल, आणि तेव्हा जुना प्रोग्राम शेजारीच असेल. मी असं केलं आणि सिस्टीम बदलली त्या दिवशी माझ्या कामात काही फरक पडला नाही.

कळफलक

@उत्तररात्र, उदाहरण चांगलं आहे, पण तिथे वरून आदेश होता. सगळे एकदम बदलले, म्हणून फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मोडत नव्हती. मी एकटी बदलते तेव्हा उरलेले चार तिथेच असतात. आणि त्यांच्याकडे अडचण सोडवणारा विभाग होता, माझ्याकडे रात्री अकरा वाजता मीच असते.

तरी विंडोजवरच सवय करून घ्यायची गोष्ट पटली. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

धागादोरा

थोडं वेगळं. कुठला प्रोग्राम यावर एवढी चर्चा, पण तो कुठून घेता यावर कोणी बोललं नाही. शक्य तिथे डिस्ट्रोच्या रेपोतूनच घ्या, म्हणजे तुम्ही घातलेल्या लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-साठ्यातून. फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालेल असं बांधलेलं सॉफ्टवेअर, सँडबॉक्समध्ये राहतं, म्हणजे त्याला परवानगीशिवाय बाहेरचं दिसत नाही. सुरक्षेसाठी उत्तम, पण नवख्याला त्याची ओळख होते ती 'माझी दुसरी ड्राइव्ह का दिसत नाही' अशी. ब्राउझर फ्लॅटपॅकचा आणि कीपासएक्ससी रेपोतलं असेल तर दोघांचं आपसात बोलणं सरळपणे होत नाही. पासवर्ड आपोआप भरले जात नाहीत आणि माणूस पासवर्ड मॅनेजरच बदलायला निघतो.

उत्तररात्र

@धागादोरा, ब्राउझरपुरतं मान्य. बाकी नाही. डेबियन १२ या लिनक्सच्या रेपोत जिंप २.१० आणि लिबरऑफिस ७.४ आहे. रंगरेषा म्हणतात ती नवी सोय हवी असेल तर रेपोवाल्याने सिस्टीमच बदलायची का? फ्लॅटपॅक मिळतात त्या फ्लॅटहबवरून घ्या, फ्लॅटसील नावाच्या छोट्या प्रोग्राममधून हव्या त्या फोल्डरची परवानगी द्या, दोन मिनिटांचं काम. सिस्टीम जुनी आणि स्थिर, वरचे प्रोग्राम ताजे, ही सोय आपल्याला पूर्वी नव्हती.

धागादोरा

दोन मिनिटांचं काम, पण फ्लॅटसील नावाची गोष्ट आहे हे माहीत असणाऱ्याला. माझं म्हणणं पहिल्या महिन्यापुरतं आहे.

ओसरी

आईच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालून दिलं. तिच्यासाठी काहीच निवडलं नाही, जे आलं तेच ठेवलं. व्हिडिओ कॉल ब्राउझरमध्ये होतात, फोटो उघडतात. अडली दोनदाच. एकदा स्कॅनर सापडेना, कारण ती यादीत कंपनीचं नाव शोधत होती आणि तिथे नुसतं 'डॉक्युमेंट स्कॅनर' लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा एक पीडीएफ अर्ज उघडला तर आत फक्त 'कृपया थांबा' असं वाक्य. तो एक्सएफए प्रकारचा अर्ज होता, तिथल्या पीडीएफ वाचकाला तो कळत नव्हता. फायरफॉक्समध्ये उघडला आणि भरता आला. त्यामुळे टिपणवहींशी सहमत: यादी कशाला, अडेल तेव्हा बघा.

एक मात्र मी चुकलो. टाइमशिफ्ट लावून दिलं आणि बॅकअपची काळजी मिटली असं समजलो. टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत ठेवतं, होम फोल्डर मुळात वगळलेलं असतं. म्हणजे आईचे फोटो त्यात नव्हतेच. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. आता देजा-डुप दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतं. हे मात्र अडेपर्यंत थांबू नका, कृपया.

टिपणवही

@ओसरी, हे मी माझ्या पहिल्या यादीत लिहायलाच हवं होतं. बॅकअप निवडायचा विचारच मी केला नव्हता, जुन्या सवयीने डिस्कवर हाताने कॉपी करत राहिले.

कळफलक, तुमच्यामुळे माझं म्हणणं बदलतंय. कुठल्या फाइली आहेत इतकं बघून भागत नाही, त्यातल्या कुठल्या दुसऱ्याकडे जाऊन परत येतात ते आधी बघायला हवं. माझ्या तशा फाइली दोनच होत्या, म्हणून मला सगळं सोपं गेलं. ज्या परत येतात त्यांच्यासाठी तुम्ही केलीत तशीच निवड योग्य, दिसण्यासकट. नुसत्या पुढे जातात त्या पीडीएफ करून पाठवाव्यात. टॅबवाल्या पट्टीबद्दलचं मत मात्र मी अजून सोडलेलं नाही.

कळफलक

पट्टीवर आपलं जमणार नाही असं दिसतंय. कार्लिटो आत्ताच बसवला आणि तोच अहवाल पुन्हा उघडला. तक्ता माझ्याकडेही दोन पानांत फाटलेला दिसतोय, म्हणजे समोरच्याला दिसत होता तसाच. आता निदान कुठे दुरुस्त करायचं ते कळतंय. मराठी मजकुराची दोन पानं मंगलमध्ये आहेत, ती सावली म्हणतात तशी नोटोत बदलून, फॉन्ट आत भरून उद्या चौघांना पाठवते. परत काय येतं ते लिहीन इथे.