तार पडली तरी फिडर ट्रिप काहून होत नाई?

संत्रावाला_वरूड: राजेहो, एक सांगा. पावसाळ्यात ओली फांदी लाइनले लागली का ११ केव्हीचं फिडर (सबस्टेशनातून गावाकडं येनारी लाइन) धाडकन ट्रिप होते, म्हंजे आपोआप बंद पडते, अन् मे मैन्यात आमच्या धुऱ्यावर तार तुटून पडली तं अर्धा घंटा ट्रिपच नाई, मी फोन केला तवा ऑपरेटरनं हातानं बंद केलं. मंग सबस्टेशनातला तो रिले, बिघाड वळखनारा, काय झोपला होता का?

फुकटचा_सल्ला: खराब झाला असन. रिलेच लाइन तोडते न.

जुना_ऑपरेटर: नाई भाऊ, तोडते ब्रेकर, म्हंजे लाइनचा मोठा स्विच. रिले फक्त पाह्यते अन् हुकूम देते. सीटीतून (करंट ट्रान्सफॉर्मर) करंटचा बारका नमुना त्याच्याकडे येते, २००/१ ची सीटी असली तं लाइनचे २०० अँपियर म्हंजे इकडे १. हद्दीवर गेला का तो बॅटरीचा डीसी ट्रिप कॉइलले देते अन् ब्रेकर उघडते. बॅटरी उतरली असली तं रिलेनं कितीबी बोंब मारली तरी काही होत नाई, हे मी डोळ्यानं पाह्यलं.

अन् लगेच बी तोडत नाई. रिले २०० अँपियरवर सेट, टीएमएस (वेळेचं सेटिंग) ०.१, तं ४०० अँपियरले साधारन १ सेकंद अन् २००० ले ०.३ सेकंद. लाइट आली का साऱ्या मोटरी एकदम उठतात, तेवढ्यानं जाऊ नाई म्हनून. मागचा इनकमरचा (साऱ्या फिडरले वीज देनाऱ्या मेन लाइनचा) रिले अजून थोडा थांबते, नाई तं एका फिडरपायी सारं सबस्टेशन अंधारात.

आता तुमची तार. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज जवळपास शून्य राह्यते, जमिनीत गेला का काही उरते, अर्थ फॉल्टवाला रिले तेच पकडते. समजा सेटिंग ४० अँपियर. अन् मे मैन्यातली भेगाळलेली कोरडी माती, त्यातून दोन-चार अँपियर गेले तं गेले. त्याले दिसनच कसं? तीच तार जुलैत चिखलात पडू द्या, मंग पाहा.

संत्रावाला_वरूड: मंग सेटिंग ५ करून टाका न!

जुना_ऑपरेटर: करा, अन् वारं सुटलं का फिडर घडीघडी जाईन, मंग रात्रभर ओलीत सोडून शिव्या देत बसा 😄 ट्रिप नाई म्हंजे तार मेली असं नाई, हे ध्यानात ठेवा. जवळ जाऊच नका, तिथं जमिनीतबी करंट राह्यते.

संत्रावाला_वरूड: बापरे. मी तं तुराटीनं सरकवाले निघालो होतो, बायकोनं बोंब मारली म्हनून थांबलो.