तिशीनंतर सोरोरिटीत जावं का?

रानजाई (धागाकर्ती): वय ३३, टेक्सासमध्ये पदवीचं दुसरं वर्ष. लग्नानंतर एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आले, काही वर्षं घरात गेली, मग कम्युनिटी कॉलेज आणि आता विद्यापीठ. येत्या फॉल सत्रात सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेच्या, रिक्रूटमेंटला (नव्या सभासदांच्या निवडीला) नाव देणार आहे. ओळखीतले सगळे विचारतात, 'या वयात?' पण बहुतेक सोरोरिटींच्या नियमांत वयाची अटच नाही. पदवीचं शिक्षण चालू हवं आणि ग्रेड्स बऱ्या हव्यात. अठराव्या वर्षी मी अमेरिकेत नव्हते, एवढ्यावरून मीच का मागे राहू? लेक्चर संपलं की मी गाडीकडे जाते. अभ्यासाचे गट, इंटर्नशिपच्या बातम्या, जिवाभावाच्या मैत्रिणी, सगळं त्यानंतर जमतं.

ओवी_डॅलस: स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. कॉलेजात असताना मी सोरोरिटीत होते, नव्या मुली निवडायला बसले आहे. वय नियमात नसलं तरी निवडीत असतं. चॅप्टरला (सोरोरिटीच्या कॉलेजातल्या शाखेला) पुढची तीन-चार वर्षं ड्यूज (वर्गणी) भरणारी मुलगी हवी असते, म्हणून फ्रेशमनला (पहिल्या वर्षाच्या मुलीला) पसंती. विशीतली ज्युनियरसुद्धा (तिसऱ्या वर्षाची) त्यात मागे पडते. काही ठिकाणी हाउसमध्ये (सोरोरिटीच्या राहायच्या घरात) राहायची सक्ती असते, ती संसार सांभाळून कशी जमवणार? आणि दारू. इथे २१ च्या आत ती विकत घेता येत नाही आणि तुझ्या बरोबरच्या मुली १८-१९ च्या. काही विपरीत घडलं तर आधी तुलाच जाब विचारतील.

निंबोणी: ओवी, तू सांगतेस ते मोठ्या हाउसवाल्या सोरोरिटींचं. हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा काढली, १९१३ मध्ये डेल्टा सिग्मा थीटा. तिथे पदवी झालेल्या बायकाही ग्रॅज्युएट चॅप्टरमधून सभासद होतात आणि पुढे कित्येक वर्षं काम करत राहतात. आपल्याकडच्या मुलींच्याही आहेत की! ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनची कप्पा फाय गॅमा, दोन्ही १९९८ च्या. रानजाई, तिथे आधी विचार.

ओवी_डॅलस: चॅप्टर छोटा असला तरी वयातलं अंतर तेवढंच राहतं. त्या मुली तुला ताई म्हणतील, मान देतील, पण मनातलं एकमेकींनाच सांगतील. त्यापेक्षा पदवी घे. बऱ्याच सोरोरिटी नंतर अ‍ॅलम्ना (पदवी झालेली सभासद) म्हणून दीक्षा देतात. तिथे तुझ्या वयाच्या बायका भेटतील.

सह्याद्रीकर: मला दोन्ही पटत नाही. मैत्रीसाठी पैसे भरायचेच कशाला? इंजिनिअरिंग असेल तर सोसायटी ऑफ वुमन इंजिनिअर्स आहे, १९५० पासूनची. वर्गणी किरकोळ आणि नोकरीसाठी ओळखी जास्त.

रानजाई: दादा, विषय अकाउंटिंग आहे, आणि व्यावसायिक संघटनेत मी जाणारच आहे. तिथे नोकरीचं बोलणं होईल, पण परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करावा असं कुणी मिळेलच असं नाही. ओवी, दारूचा मुद्दा पटला. कुणासाठीही विकत आणणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगेन. ताई म्हटलं तर मला आवडेलच, घरी मी थोरलीच आहे. अ‍ॅलम्ना होऊन कॅम्पसवरची ही वर्षं मात्र परत मिळणार नाहीत. फॉलच्या मोठ्या रिक्रूटमेंटऐवजी आता जागा रिकाम्या असलेल्या चॅप्टरकडे ओपन बिडिंगची (मोठ्या निवडीबाहेर थेट सभासद घेण्याची) चौकशी करते. ड्यूज किती आणि हाउसची सक्ती आहे का, हे आधी लेखी घेईन.