सर्दीवरचे चिनी घरगुती उपाय: खरंच गुण येतो की मनाचं समाधान?

शेन्झेनकर:
कामानिमित्त दोन वर्षं शेन्झेनला आहे. मागच्या आठवड्यात नाक गळायला लागलं, अंग कसकसलं, तर शेजारच्या आजी पातेलं घेऊन दारात हजर. आत काय, तर कांद्याच्या पातीचे पांढरे बुडखे मुळांसकट, आलं आणि तोउछी, म्हणजे आंबवलेले खारट काळे सोयाबीन. वासानेच अर्धं नाक मोकळं झालं, गटागट प्यायलो, दुलई ओढून झोपलो, दरदरून घाम आला आणि सकाळी डोकं एकदम हलकं. पात आणि तोउछीचा हा काढा ग होंग नावाच्या माणसाने चौथ्या शतकात लिहून ठेवलाय. आपण मात्र शिंक आली की मेडिकलमध्ये पळतो.

गोळी_घे_गप्प:
आजी कितव्या दिवशी आल्या ते सांगा आधी. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते, मग आपोआप उतरते, ७ ते १० दिवसांत संपते. उतरणीला लागल्यावर काहीही प्या, श्रेय त्यालाच.

शेन्झेनकर:
चौथा दिवस होता 😅 पण ग होंगला हसू नका. त्याच पुस्तकात तापावर छिंगहाव वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलंय, त्यावरूनच तू योयो नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना मलेरियाच्या औषधाचा धागा सापडला आणि २०१५ चं नोबेल मिळालं.

गोळी_घे_गप्प:
अहो तेच तर! बाईंनी जुनं पुस्तक वाचलं, उष्णतेने गुण जात असेल असं ताडलं, उकळणं सोडून ईथरने अर्क काढला, मग उंदीर, माकडं आणि शेवटी स्वतःवर तपासला. पातेलं घेऊन शेजाऱ्याकडे नाही गेल्या. एका पानावरचं खरं निघालं म्हणून अख्खं पुस्तक खरं का?

तैपेईची_सून:
तुम्ही दोघं मूळ मुद्दाच सोडताय. त्यांच्याकडे सर्दी एक नसते. थंडी वाजतेय, नाक पाण्यासारखं वाहतंय तर ती थंड वाऱ्याची, तिला आलं आणि लाल साखर. घसा लाल, शेंबूड पिवळा तर उष्ण वाऱ्याची, तिथे आलं बंद, शेवंतीचा नाहीतर पुदिन्याचा चहा. आणि चिकन सूप तर माझ्या सासूबाई सर्दीत करूच देत नाहीत, म्हणतात घरात चोर असताना दार लावून घ्यायचं नसतं, आधी त्याला बाहेर काढायचं, पौष्टिक नंतर. मला आधी हसू यायचं, आता मीही लेकीचा रुमाल बघूनच आलं किसते.

गोळी_घे_गप्प:
ताई, शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो पांढऱ्या पेशींमुळे. एकाच सर्दीत पहिल्या दिवशी पाणी, तिसऱ्या दिवशी पिवळा. म्हणजे मंगळवारी थंड वारा आणि गुरुवारी उष्ण?

तैपेईची_सून:
हो, बदलते असंच म्हणतात ते, म्हणून उपायही बदलतात. तुमची गोळी मात्र दोन्ही दिवशी तीच.

खवचट_काकू:
भांडा, पण आपल्याकडे वेगळं काय आहे? सर्दीत केळं नको, दही नको, सुंठ-गूळ घे, पेज खा. त्यांची पातळ भाताची झोउ म्हणजे आपली पेजच की. फक्त एक सांगते, तो खडीसाखर घालून वाफवलेला पेअर खोकल्यावर मऊ लागतो खरा, पण आमच्यासारख्या शुगरवाल्यांनी नादी लागू नये आणि त्यात साखरेऐवजी मध घालत असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. त्या पेअरमध्ये घालतात ते छुआनपेई नावाच्या औषधी कंदाचं पीठ वगैरे महागडं प्रकरण राहू दे बाजूला.

शेन्झेनकर:
काकू, इथे ऑफिसात तर कशावरही उपाय एकच, गरम पाणी पी. सर्दी झाली, पोट दुखलं, ब्रेकअप झालं, गरम पाणी पी. बरं, आज आजींनाच शिंका सुरू झाल्यात. आईने दिलेलं कुळथाचं पीठ आहे डब्यात, लसणीची फोडणी घालून पिठलं देऊ का करून?

तैपेईची_सून:
कुळीथ उष्ण. आधी शेंबडाचा रंग विचारा.