पाडव्याच्या सकाळसाठी वसंताची प्लेलिस्ट: निवड आणि क्रम कसा करावा?

चैत्रपालवी:
पाडव्याला सकाळी साडेसहा ते आठ, म्हणजे गुढी उभारून नैवेद्य होईपर्यंत, घरात लावायला दीड तासाची प्लेलिस्ट करायची आहे. रागसंगीत, नाट्यगीत, मराठी-हिंदी चित्रपटगीतं, सगळं चालेल. 'वसंत', 'बसंत', 'बहार' असं शोधून ४३ गाणी जमली आहेत, पण सलग ऐकवत नाहीत. दर दोन गाण्यांनी सूर एकदम खाली आल्यासारखा वाटतो, मध्येच आवाज वाढतो आणि ख्याल तर पाऊण-पाऊण तासाचे आहेत. शिवाय बसंत हा उत्तररात्रीचा राग, तो सकाळी लावावा का? फोन आणि ब्लूटूथ स्पीकर एवढंच साहित्य आहे.

काळी_एक:
वेळेची काळजी नको. बसंत आणि बहार हे ऋतूचे राग आहेत, वसंतात ते कोणत्याही वेळी गातात. रात्रीचं बंधन एरवीचं. तरी साडेसहाला सुरुवात हिंडोलाने करा. तो वसंताशी जोडलेला आणि वेळेनेही सकाळचाच आहे. रिषभ-पंचम (रे, प) वर्ज्य, म्हणजे घेतच नाहीत, मध्यम (म) तीव्र, त्यामुळे त्याचा चढ सरळ आणि ताठ असतो. गुढी उभारताना तोच शोभतो.

आता ती ४३ गाणी गाळा. नावावरून शोधलं की तीन प्रकारचा गाळ येतो.

पहिला, माणसांची नावं: वसंत देसाई, वसंत पवार, वसंत प्रभू, वसंतराव देशपांडे. गाणी उत्तम, पण ऋतूशी संबंध नाही.

दुसरा, नावाने फसवणारे राग. बसंत मुखारी हा सकाळचा राग आहे, पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) भैरव आणि उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) भैरवी. नावात बसंत असला तरी तो ऋतूचा राग नव्हे. कर्नाटक पद्धतीतला वसंतही वेगळा, त्यात पंचमच नाही.

तिसरा, शब्दांवरून घेतलेली गाणी. 'बहारों फूल बरसाओ' शिवरंजनीवर आहे आणि वरातीत वाजून वाजून त्याचा ऋतू कधीच बदलला आहे. 'केतकीच्या बनी' आणि 'ऋतु हिरवा' ही तर पावसाची गाणी. ती आषाढ-श्रावणासाठी ठेवा.

खरा बसंत ओळखायचा तर पहिलं मिनिट ऐका. सूर लगेच वर तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) जातो, तिथे थांबतो आणि मग कोमल धैवतावरून पंचमावर उतरतो. पुढे दोन्ही मध्यम एकमेकांना लागून येतात, तो ललित रागाच्या वळणाचा तुकडा. सूर तेच असूनही गाणं निषादावर रेंगाळत चंचल झालं, तर तो बहुधा परज हा राग असतो. बहार अगदीच निराळा: कोमल गंधार, दोन्ही निषाद आणि मध्यमावर वजन.

सतारीचा_नाद:
सूर खाली येतो याचं कारण षड्ज, म्हणजे गायकाने धरलेला मूळ 'सा'. बहुतेक पुरुष गायक काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, गायिका काळी चार-पाचच्या. काळी पाचनंतर लगेच काळी एक आली की पुढचा गवई कितीही मोठा असो, पहिली दोन मिनिटं तो मरगळलेला वाटतो.

उपाय सोपा आहे. फोनवर ट्यूनर ॲप घ्या, प्रत्येक ट्रॅकचे पहिले दहा सेकंद तानपुऱ्यावर धरा आणि जोडीच्या तारांचा सूर कागदावर लिहा. सी शार्प म्हणजे काळी एक, जी शार्प काळी चार, ए शार्प काळी पाच. मग एकाच षड्जाचे तीन-चार ट्रॅक सलग लावा आणि गट बदलताना खालून वर जा. वरून खाली यावंच लागलं तर मध्ये तालवाद्याने सुरू होणारं किंवा मोठ्या वाद्यवृंदाचं चित्रपटगीत टाका, कान नव्याने बसतो. जुन्या तबकड्यांचं रूपांतर कधी कधी चुकीच्या वेगाने झालेलं असतं, तिथे अर्ध्या सुराचा फरक पडतो. म्हणून गायकाच्या नावावरून अंदाज नको, मोजाच.

याच हिशेबाने एक जागा सांगतो. मैफलीतली बासरी बहुधा पांढरी तीनची, म्हणजे ई. पाश्चात्त्य संगीतकार विवाल्डीच्या 'चार ऋतूं'मधला 'वसंत' ई मेजरमध्येच आहे. बासरीवरचा बहार आणि त्यामागे विवाल्डीचा पहिला भाग, साडेतीन मिनिटांचा, असं लावून बघा. सांधा कळत नाही आणि व्हायोलिनमधले पक्षी ऐन सकाळी कानावर येतात.

मोहोर:
ख्यालांच्या लांबीबद्दल. विलंबित (अगदी संथ लयीतला) एकताल या यादीत नकोच, दीड तासात बाकी काही बसणार नाही. ७८च्या तबकड्यांची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची असते, त्या शोधा. तेवढ्या वेळात राग उभा करायचा म्हणून गवयांनी एकही जागा वाया घालवलेली नसते. बाकी मध्यलय आणि द्रुत बंदिशी दहा-बारा मिनिटांच्या आतल्या घ्या.

माझा क्रम असा: हिंडोल १२ मिनिटं. मग बसंतातली 'फगवा ब्रिज देखन को', भीमसेन जोशी. त्यामागे मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार, 'अतर सुगंध'. नंतर बहारातलं 'सकल बन फूल रही सरसों', अमीर खुसरोच्या नावाने चालत आलेलं. दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्यात वसंत पंचमीला पिवळी फुलं घेऊन हे गातात. तिथून 'मंदारमाला' नाटकातलं 'बसंत की बहार आयी', राम मराठे आणि प्रसाद सावकार. एव्हाना घर जागं झालेलं असतं, चित्रपटगीतं आता: 'केतकी गुलाब जूही' (१९५६, मन्ना डे आणि भीमसेन), 'छम छम नाचत आयी बहार' (१९६१, लता) आणि 'प्रपंच'मधलं 'आला वसंत देही', आशाबाईंचं. शेवटी चैती, म्हणजे चैत्रात गायचं उत्तरेकडचं गाणं. 'हो रामा' अशी टेक ऐकू आली की चैती ओळखायची. होरी (होळीची गाणी) मात्र घेऊ नका, पाडव्यापर्यंत होळी होऊन पंधरवडा उलटलेला असतो.

काळी_एक:
होरी नको म्हणता, मग 'फगवा' कसं चालतं? तेही होळीचंच. माझ्या मते राग बसंत असेल तर शब्द फाल्गुनाचे असले तरी चालावेत. काफी रागातली, दीपचंदी तालातली होरी वगळा, तिचा रंग खरंच वेगळा आहे.

मोहोर:
पटलं. फगवा राहू दे.

सतारीचा_नाद:
राहिलं ॲपचं. क्रॉसफेड (एक गाणं संपतानाच पुढचं त्यावर सुरू करणारी सोय) शून्यावर ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. हिंडोलात पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तारही पंचमात नसते. तो आणि पुढचा बसंताचा पंचमाचा तानपुरा पाच-सहा सेकंद एकमेकांवर आले की दोन्ही राग बिघडतात. शफल बंद, आणि ऑटोप्ले बंद, नाहीतर चैती संपल्या संपल्या ॲप स्वतःच्या मनाने काहीही लावतं. आवाज समान ठेवण्याची सोय असते, ती सुरू करा, पण सर्वांत मोठ्या पातळीवर नको, हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबला जातो. तबकड्यांची खरखर खुपत असेल तर ट्रेबल थोडा उतरवा. सगळं आदल्या रात्री डाउनलोड करा आणि फोन 'व्यत्यय नको'वर टाका, पाडव्याच्या शुभेच्छांचे फोन नेमके सातला सुरू होतात.

चैत्रपालवी:
खूप आभार. ४३ मधली १९ उरली, एकूण ९४ मिनिटं. ट्यूनरवर मोजल्यावर पहिले पाच ट्रॅक काळी एकचे निघाले, चैती काळी पाचची. गाणी ॲपवरून अचानक गायब होतात म्हणून यादी कलाकार आणि मिनिटांसह वहीतही उतरवली आहे. चार मिनिटं कुठून कापू?

मोहोर:
कापू नका. साडेसहाऐवजी सहा पंचविसाला लावा.