अनुभव: जे बोलता आलं नाही, ते कुठल्या गाण्यात गेलं?

आवडत्या गाण्यांच्या याद्या आपण पुष्कळ करतो. मला वेगळं ऐकायचं आहे. एखादं गाणं कानावर आलं की एक माणूस समोर उभा राहतो, आणि त्यानं तोंडानं कधी न सांगितलेलं त्या गाण्यात सापडतं, असं तुमच्याकडं काही असेल तर सांगा. गाणं प्रसिद्ध असायची गरज नाही. आवाज फाटका असला तरी चालेल.

सुरुवात मी करते. माझी आजी कागलकडची, लग्न होऊन कोल्हापुरात शिवाजी पेठेत आली. गल्लीच्या तोंडाला गिरण असूनही सणाचं पीठ ती जात्यावरच काढायची. "दळतो आणि मग जेवतो" म्हणायची आणि पहाटेच बसायची. उजव्या हातात खुंटा, डाव्या हातानं मूठमूठ दाण्याची वैरण. पहिली ओवी अंबाबाईला, दुसरी जोतिबाला, मग माहेरचा भाऊ, मग लेकरं. लेकरांच्या ओवीत माझ्या वडलांचं नाव यायचं. पण त्याच्या आधी एक ओवी ती नुसती गुणगुणायची, शब्द नाहीत. जातं मात्र फिरत राहायचं. मला वाटायचं, दमली असेल. पुढं चुलतीनं सांगितलं, ती थोरल्याची ओवी. तो लहानपणीच गेला होता. घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं, आजीही नाही. पण ओव्यांतली त्याची जागा तिनं कुणाला दिली नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्यात. त्या वाचताना माझ्या मनात येतं, या बायकांना घरात कुणी विचारलं नसेल, "तुला काय वाटतं?" जात्यानं विचारलं.

आता तुम्ही लिहा.

गंगावेस, सध्या चाकण

गाणं न्हाई, हलगी चालंल का? मी तालमीत वाढलो. खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगी, घुमकं, कैताळ. हलगीवाला आधी जाळ करून कातडं शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, टणक आवाज आला की मगच वाजवायला घेतो. आमचे वस्ताद लई कडक. मला कधी शाबास म्हटलं न्हाई, पाठीवर हात ठेवला न्हाई. एकदा नावाजलेल्या पैलवानाबरोबर माझी जोड लागली. मी मैदानात उतरलो आणि वस्तादांनी लांबूनच हलगीवाल्याला हात वर करून खूण केली, वाढीव. त्यानं असा कडकडाट केला की अंगावर काटा आला. कुस्ती बरोबरीत सुटली. आज कंपनीत पाळी संपवून बाहेर पडताना कुठं मिरवणुकीत हलगी ऐकली की मी जागेवर थांबतो. वस्ताद आता नाहीत. त्यांनी मला काय दिलं ते त्या खुणेत हाय.

गडहिंग्लज

माझी आई बेळगावकडची, कानडी बोलणारी. लग्नानंतर तिनं मराठी उचललं आणि सासरी कानडी बंद झालं. आम्हा भावंडांना ती भाषा आलीच नाही. पण झोपवताना ती कानडीतच गायची. माझी मुलगी झाली तेव्हा मी पाळण्याशी बसले आणि तोंडातून तेच गाणं आलं, सगळे शब्द, अर्थ एकाचाही माहीत नाही. आई दारात उभी होती. ती आत आली आणि माझ्याबरोबर म्हणू लागली. आम्ही कोण, असं कुणी विचारलं तर मी मराठीच सांगते आणि ते खरंच आहे. तरी माझ्यातला एक कोपरा कानडीत झोपतो.

राधानगरी रोड

आमचा पिढीजात लोहारकीचा धंदा. 'ऐरणीच्या देवा तुला' सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९६५ चा भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं', शब्द आपल्या कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकरांचे, आनंदघन या नावानं संगीतही लतादीदींचंच. वाद्यवृंदात कुणी ते म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या गाण्याची वाट बघतात. आमच्या घरी तसं नव्हतं. रेडिओवर ते लागलं की आण्णा भात्याची साखळी सोडायचे. विळा भट्टीत लालभडक झालेला असायचा, तो निवला तरी चालेल, पण घण उचलायचे नाहीत. गाणं संपलं की विळा पुन्हा भट्टीत. गिऱ्हाईक खोळंबायचं. त्यांना गाण्यातलं काय भिडतं ते आम्ही कधी विचारलं नाही. काळं काम, हात भाजलेले, शाळेत पोरं आम्हाला काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. त्या गाण्यात आमचं काम देवासमोर मांडलेलं आहे. मी आता बँकेत आहे, पण कुणी विचारलं तर लोहाराचा मुलगा म्हणून सांगतो, आणि ती हिंमत मला त्या गाण्यानं दिली.

वाडी रत्नागिरीच्या पायथ्याचा

सगळं न बोललेलंच असतं असं नाही. आमच्याकडं चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, डोंगरावर येतात आणि गुलालात माणूस ओरडून मोकळा होतो. चांगभलं म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, आणि वर्षभराचा भार तिथंच उतरतो.

इचलकरंजी

माझ्या सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. मला ओळखत नाहीत, मुलालाही कधी कधी नाही. संध्याकाळी हरिपाठ लावला की पुढची ओळ मात्र त्याच आधी म्हणतात. या आजारात बाकीचं पुसलं गेलं तरी जुनी गाणी बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेवढा वेळ त्या माझ्याकडं बघून हसतात. मी तो वेळ रोज सांभाळते.

मंगळवार पेठ

८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव यांची जयंती होती. बाबा सकाळी तिथं जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत. दुपारी पेटी काढली आणि एकामागून एक नाट्यपदं म्हणत बसले, तिथं ऐकलेली सगळी. आईनं चहा ठेवला आणि काही न बोलता शेजारी बसली.

प्रयाग चिखली

वडील गावच्या भजनी मंडळात होते. आप्पांचं भजन म्हणजे एकादशीला देऊळ भरलेलं. त्यांच्या आवाजाच्या कॅसेट आम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बोटीतून बाहेर पडलो तेव्हा माणसं आणि कागदपत्रं तेवढी घेतली. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत गाळ, फिती एकमेकींत अडकलेल्या, बोट लावलं की तुटत होत्या. आप्पा त्याच्या आधीच गेले होते. आवाजही गेला म्हणून आई फार रडली.

त्यानंतरच्या कार्तिकीला देवळात भजन झालं. मी मागं भिंतीला टेकून बसलो होतो. आप्पांना दमा होता. एका अभंगात शेवटच्या चरणाआधी त्यांना श्वास पुरायचा नाही, म्हणून तिथं थांबून टाळाचे दोन ठोके जाऊ द्यायचे आणि मग उचलायचे. त्या दिवशी सगळी पोरं नेमकी तिथं थांबली. धडधाकट पोरं, दम्याचा पत्ता नाही. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "चालच तशी हाय की." त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून बसलेलं. वडलांचा थकवा आता आमच्या गावाची चाल आहे. आईला बोलावून आणलं, ती ऐकत राहिली.

शिवाजी पेठेच्या ताई, तुमच्या चुलतींना त्या ओव्या येत असतील तर मोबाईलवर भरून घ्या, उद्यावर टाकू नका. आम्ही येत्या एकादशीला मंडळाचं सगळं भजन रेकॉर्ड करतोय, प्रत घराघरात देणार. कुणाला यायचं असेल तर नऊच्या आत या, गाडी देवळामागं लावा.

शिवाजी पेठ

येते. चुलतीलाही घेऊन येते, तिला भजन आवडतं.