सातव्या महिन्यात चालायला कुठे जाऊ? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मला सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी तपासून रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, बोलताना धाप लागणार नाही इतक्याच वेगाने. जागतिक आरोग्य संघटनाही गरोदरपणात आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मला स्वतःला फरक जाणवतो: कंबर कमी धरते, पोट साफ होतं, झोप लागते.

सासूबाई मात्र रोज दारात उभ्या राहून म्हणतात, "अगं, पडलीस तर?" त्यांची काळजी खोटी नाही. दादरला आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक उखडलेत. परवा चपलेचं टोक अडकलं, विजेचा खांब हाताशी होता म्हणून सावरले. घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. आता बूट घालते, पाण्याची बाटली नेते. चक्कर, रक्तस्राव, कळा किंवा पाणी गेल्यासारखं वाटलं तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचं, हे पक्कं ठाऊक आहे.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती सकाळी सहाला गर्दी कितपत असते? की माटुंग्याचं फाइव्ह गार्डन बरं पडेल? आणि पावसात तुम्ही काय केलंत? ओल्या लादीची मला फार भीती वाटते. शेवटच्या महिन्यापर्यंत चाललेल्यांनी जरूर सांगा.